पतिपत्नींचा डोंगरांतील दोन रात्रींचा मुक्काम

पुण्यामुंबईकडील नोकरदार पतिपत्नींत अलीकडे एक चाल चांगलीच रूढ झाली आहे. शनिवारीं कचेरी सुटली कीं मोटारींत एक लहानसा तंबू टाकावयाचा, मावळांतील पवना धरणाच्या कांठीं किंवा अकोलें तालुक्यांतील भंडारदऱ्याकडे जावयाचें, डोंगराच्या कुशींत रात्र काढावयाची आणि रविवारीं सायंकाळीं परतावयाचें. मुलें, आईबाप, मित्र यांपैकीं कोणी बरोबर नाहीं, दोघेंच. आपल्याकडील शेतकऱ्यास हें ऐकून प्रथम हसूं येतें. ज्याचा जन्मच उघड्यावर गेला त्यानें पदरचे पैसे खर्चून पुनः उघड्यावर निजावयास कां जावें, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न वाजवी आहे. तथापि माझें मत असें आहे कीं, या चालीची गरज शहरांतील पतिपत्नींपेक्षां शेतकरी पतिपत्नींस अधिक आहे. मात्र ती आपल्या हंगामास धरून, आणि कायद्याची व रानाची नीट माहिती करून घेऊन उचलली पाहिजे.

उघड्यावर राहणें आपणांस नवें नाहीं हें खरें. ज्वारी हुरड्यास आली किंवा हरभऱ्यास घाटे धरले म्हणजे रात्रींच्या राखणीस बसलेलीं जोडपीं आपल्या जिल्ह्यांत घाटावर आणि घाटाखालीं दोन्हीकडे दिसतात. खतासाठीं शेतांत मेंढ्या बसविल्या कीं मेंढपाळ बायकोमुलांसह तेथेंच पाल ठोकतो. ऊसतोडीच्या धंद्यांत तर नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, व तीं दोघें गाळपाचे चारपांच महिने खोपटांत काढतात. पण या सर्व ठिकाणीं जोडी आहे ती कामाची. विसाव्यासाठीं, एकमेकांशीं चार शब्द बोलण्यासाठीं म्हणून दोघांनीं घर सोडून जावें, अशी तरतूद आपल्या रीतींत कोठेंच नाहीं. सत्यनारायणास व वास्तुशांतीस जोडीनें बसावें लागतें, लग्न झाल्यावर जोडीनें कुलदैवतास जाऊन यावें लागतें. एवढ्यावर जोडीचा मान संपला. त्यानंतर बाई प्रवास करते तो माहेरचा किंवा शेगांवच्या दर्शनाचा, आणि त्यांतही सासू, नणंद, मुलें असा सगळा गोतावळा बरोबर असतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० सालच्या जून महिन्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें रविवारची सुटी मिळाली. शेतकऱ्यास ती अद्याप मिळावयाची आहे. शेतकऱ्याच्या पत्नीची गोष्ट तर त्याहून वेगळी आहे. पोळ्याच्या दिवशीं बैलांच्या खांद्यावर जूं ठेवीत नाहींत, परंतु पुरण वाटणारणीस त्या दिवशीं रोजच्यापेक्षां काम अधिकच असतें.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचे म्हणून जे सहा जिल्हे गणले गेले त्यांत आमच्या बुलढाण्याचें नांव आहे. २००६ सालीं केंद्र सरकारनें याच सहा जिल्ह्यांकरितां वेगळी मदत जाहीर केली होती. मयताच्या वारसांस १ लक्ष रुपये द्यावयाचे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं तलाठ्यापासून तहसीलपर्यंत चौकशीचे कागद फिरतात. ते कागद ज्याच्या हाताखालून गेले आहेत अशा कोणत्याही कारकुनास एक गोष्ट खटकल्यावांचून राहत नाहीं. पत्नीस कर्जाचा आंकडा विचारला तर पुष्कळदां तिला तो सांगतां येत नाहीं. सोसायटीचें किती, बँकेचें किती, सावकाराचें किती आणि कृषि केंद्राची उधारी किती, हें तिला नवरा गेल्यावर दारांत आलेल्या लोकांच्या तोंडून कळतें. नवऱ्यानें तें लपविलें असतें असेंही नव्हे. सांगावयास जागा आणि वेळ सांपडलेली नसते. दोन खोल्यांचें घर, ओसरीवर म्हातारा बाप, माजघरांत मुलें व आई. नवराबायकोस एकांत मिळतो तो दिवा मालवल्यावर, आणि त्या वेळीं दिवसभराच्या कष्टानें दोघांचेही डोळे मिटत असतात. मोठ्यानें बोलावें तर सारें घर ऐकतें. अशा स्थितींत वीस-पंचवीस वर्षें एका घरांत राहिलेल्या माणसांसही एकमेकांच्या मनांतील ओझें ठाऊक नसतें. दोन रात्रींच्या मुक्कामानें कर्ज फिटत नाहीं हें मला समजतें. परंतु तें दोघांस ठाऊक असणें आणि एकट्याच्या उरावर असणें यांत फार मोठें अंतर आहे.

हा विचार अगदींच परका आहे असें कोणी समजूं नये. १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांस पुणें-सातारा बाजूस गांवोगांव दौरे करावे लागत. त्या दौऱ्यांत पत्नी रमाबाई त्यांच्या बरोबर असत, आणि त्या दिवसांची हकीकत त्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत दिली आहे. घरांतील वडील बायकांच्या नजरेखालीं जें शिकणें, वाचणें आणि बोलणें दुर्घट होतें, तें दौऱ्यावर सहज होत असे. ज्यास घरांतून कोणी हंसेल अशी भीति वाटते त्यानें हें उदाहरण खुशाल पुढें करावें.

माझी सूचना इतकीच कीं, पहिल्या रात्रीं पैशाचें नांव काढूं नये. ती रात्र झोपेची. दुसऱ्या दिवशीं हिंडूनफिरून आल्यावर, सायंकाळीं चहा घेतांना, दोघांनींही आपापला हिशेब सांगावा. दोघांनींही असें मी मुद्दाम म्हणतों. कारण हल्लीं बचतगटाचें किंवा लहान कर्ज देणाऱ्या कंपनीचें कर्ज बायकोच्या नांवावर असतें आणि त्याची खबर नवऱ्यास नसते, असेंही घडतें. त्याच बोलण्यांत एक गोष्ट काढावी. शासनाच्या १९९२ सालच्या लक्ष्मीमुक्तीच्या परिपत्रकाप्रमाणें पतीनें अर्ज केल्यास पत्नीचें नांव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावतां येतें. अर्ज तहसीलदाराकडे करावयाचा असतो. सोय आहे हेंच पुष्कळांस माहीत नाहीं. ज्यांस माहीत आहे ते भावांस काय वाटेल या विचारानें गप्प बसतात, आणि तो विचार घरीं बसून कधींच सुटत नाहीं.

केव्हां जावें याविषयीं शहरांतील लोकांचें अनुकरण करूं नये. शनिवार-रविवार हे नोकरदारांचे वार. त्या दिवशीं गर्दी अधिक आणि भाडींही अधिक. आपण मंगळवार-बुधवार पाहावा, गांवचा आठवडी बाजार सोडून. हंगामाच्या दृष्टीनें सोयाबीन घरांत आलें, हरभरा पेरून उगवला, आणि कपाशीच्या दोन वेचण्यांमध्यें सवड सांपडली, असा नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा डिसेंबर हा काळ उत्तम. जानेवारींत तूर सोंगणीस येते, फेब्रुवारीपासून हरभऱ्याची घाई सुरू होते. पावसाळ्यांत डोंगर हिरवे दिसतात खरे, पण शेतकऱ्यास तेव्हां फुरसत नसते आणि तंबूंतील मुक्कामास तो काळ धोक्याचाही आहे. दुभत्या जनावरांची अडचण सर्वांत मोठी. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे आळीपाळी. दोन भाऊ किंवा दोन शेजारी यांनीं ठरवून घ्यावें. या आठवड्यांत एका जोडप्यानें जावें व दुसऱ्यानें दोन्ही घरचीं जनावरें पाहावीं, पुढें त्याची फेड करावी. सावड आपल्याकडे पेरणीस चालते, ती येथेंही चालेल.

कोठें जावें हें सांगण्यास फार लांब पाहावें लागत नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या मधून अजिंठ्याची डोंगररांग गेली आहे, उत्तरेस सातपुडा आहे, आणि या दोहोंमध्यें पूर्णेचें काळें सपाट खोरें आहे. बुलढाणें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच असून खालील मलकापूर-शेगांवपेक्षां तेथील हवा नेहमींच थंड असते. बुलढाण्याहून खामगांवास जातांना बोथ्याचें जंगल लागतें. तें ज्ञानगंगा अभयारण्य होय. १९९७ सालीं जाहीर झालेलें हें अभयारण्य सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें आहे. २०१९ च्या डिसेंबरांत यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक तरुण वाघ तेराशें किलोमीटरांहून अधिक वाटचाल करून येथें पोंहोचला, तेव्हां सर्व देशांत या जंगलाचें नांव झालें. उत्तरेस संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्यांतील अंबाबरवा अभयारण्य असून तें मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या शेजारीं अकोला जिल्ह्यांत नरनाळ्याचा किल्ला आणि पुढें अमरावती जिल्ह्यांत सेमाडोह, कोलकास व चिखलदरा हीं ठिकाणें आहेत. चिखलदरा सुमारें १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथें पर्यटन महामंडळाचें निवासस्थान आहे, तसेंच सेमाडोह व कोलकास येथें वनखात्याची राहण्याची सोय आहे. पहिल्या खेपेस तंबूचा हट्ट न धरतां अशा ठिकाणीं पक्क्या खोलींत राहावें आणि डोंगराची थंडी व रानाची रात्र कशी असते तें पाहून घ्यावें, हें मला अधिक पसंत आहे.

तंबूच ठोकावयाचा असल्यास तो कोणाच्या जमिनींत ठोकीत आहों हें आधीं पाहावें. अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें परवान्यावांचून प्रवेश करतां येत नाहीं, आणि आग लावणें हा गुन्हा आहे. मनास येईल तेथें राहुटी ठोकणें तर दूरच. राखीव वनांत १९२७ चा वन कायदा आडवा येतो. ई-क्लासची जमीन म्हणजे कोणाचीच नव्हे असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः ती सरकारची असून गुरांच्या चराईसाठीं ठेविलेली आहे. सर्वांत निर्वेध जागा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीं असलेलें एखाद्या पाहुण्याचें वा ओळखीच्या माणसाचें मालकीचें शेत, ज्यास विहिरीचें पाणी आहे आणि हांक मारल्यास ऐकूं जाईल इतक्या अंतरावर वस्ती आहे. तेथें गेल्यावर पोलीस पाटलास आपलें नांव-गांव सांगून ठेवावें व दोघांचेंही आधार कार्ड जवळ असावें. अनोळखी जोडपें रात्रीं शेतांत उतरलें कीं तें पळून आलेलें आहे असें गांव लगेच ठरवितें, मग त्या जोडप्याचे केस पांढरे झालेले कां असेनात!

डोंगरालगत ज्यांचीं स्वतःचीं शेतें आहेत त्यांपैकीं कांहींच्या मनांत, शहरच्या जोडप्यांस आपणच जागा देऊन दोन पैसे कां मिळवूं नयेत, असा विचार येईल. अवश्य यावा. मात्र भाडें घेऊन शेतांत नेहमीं तंबू लावणें ही शेती नव्हे. जमिनीचा उपयोग बदलण्यास १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खालीं परवानगीची तरतूद आहे, आणि विनापरवाना उपयोग बदलल्यास कलम ४५ प्रमाणें दंड आहे. राज्यानें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण ठरविलें असून त्याप्रमाणें पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करतां येते. आधीं नोंदणी, मग पाटी, हा क्रम ठेवावा. पाटी लावून मागाहून कागद करूं म्हणणाऱ्यांचीं प्रकरणें कचेरींत किती वर्षें पडून राहतात हें मी पाहिलें आहे. जागा जंगलास अगदीं लागून असूं नये. २०२१ च्या जानेवारींत केरळांतील वायनाड जिल्ह्यांत, मेप्पाडीजवळ तंबूंत उतरलेल्या एका स्त्रीस हत्तीनें ठार केलें. आपल्याकडे हत्ती नाहींत, पण बिबट्या आहे आणि अस्वल आहे. आणि ज्ञानगंगेचें जंगल अस्वलांविषयीं प्रसिद्धच आहे.

अस्वल हें आपल्या भागांतील खरें भय होय. तें मुद्दाम माणसाच्या मागें लागत नाहीं, पण जवळून अचानक गांठ पडली तर उलट अंगावर येतें आणि तोंडावर पंजा मारतें. म्हणून पहाटे अगर दिवेलागणीस एकट्यानें झुडपांत जाऊं नये. गेल्यास हातांत कंदील अगर विजेरी असावी आणि मोठ्यानें बोलत जावें. बोरें, मोहाचीं फुलें आणि मध यांवर त्याचा जीव. फळास आलेल्या बोरीखालीं तंबू ठोकूं नये. गूळ, केळीं, भाकरी हें सामान तंबूंत उशाशीं न ठेवतां झांकणाच्या डब्यांत घालून दूर ठेवावें.

सापांपैकीं मण्यार हा रात्रींचा साप असून जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेंतच दंश करतो. त्याच्या दंशाची आग होत नाहीं, सूज फारशी येत नाहीं. पहाटे पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होतात, बोबडी वळते, आणि तोंवर वेळ निघून गेलेली असते. अशीं चिन्हें दिसतांच मंत्रतंत्रांत न गुंततां सर्पविषाची लस असलेल्या रुग्णालयांत तात्काळ नेलें पाहिजे. या बाबतींत आधुनिक तंबू आपल्या उघड्या पथारीपेक्षां पुष्कळ बरा. त्यास खालचें कापड अखंड शिवलेलें असतें आणि दारास साखळीची शिवण असते. ती ओढून बंद ठेवली म्हणजे साप-विंचू आंत येत नाहींत. बाहेर ठेवलेल्या वहाणा सकाळीं झटकूनच घालाव्या.

थंडीविषयीं थोडें खुलाशानें लिहितों, कारण येथें शेतकऱ्याचें ज्ञान शहरवासीयाच्या कितीतरी पुढें आहे, फक्त तें वापरावयाचें सुचलें पाहिजे. उंची वाढेल तशी हवा थंड होत जाते. साधारणपणें दर हजार मीटरांस साडेसहा अंश असें प्रमाण धरतात. परंतु निरभ्र रात्रीं थंड हवा जड होऊन उतारावरून खालीं घसरते आणि खोलगट भागांत सांचते. आपल्या शेतांतील ज्या सखल तुकड्यांत हरभऱ्यास प्रथम गारठा लागतो, तेथें हेंच कारण असतें. म्हणून तंबू दरीच्या तळाशीं ठोकूं नये, आणि वाऱ्याच्या तडाख्यामुळें अगदीं माथ्यावरही ठोकूं नये. उताराच्या मध्यावर, पूर्वेकडे तोंड करून, सपाट जागा पाहावी. ओढ्याचें कोरडें पात्र कितीही मऊ वाळूचें असलें तरी वर्ज्य समजावें. जमीन अंगांतील ऊब ओढून घेते, म्हणून पांघरुणापेक्षां अंथरूण जाड पाहिजे. दोन पेंढ्या कडबा किंवा वाळलेलें गवत तंबूच्या खालीं पसरलें तर बाजारांतील महाग गादीची गरज राहत नाहीं. वर एक वाकळ पुरे. सकाळीं कापड आंतून ओलें दिसलें तर तंबू गळका आहे असें समजूं नये. दोन माणसांच्या श्वासांतील बाष्प थंड कापडास लागून त्याचें पाणी होतें. हवा खेळण्यास ठेविलेल्या वरच्या झडपा थंडीमुळें बुजवूं नयेत, त्या याकरितांच असतात, आणि याहून मोठ्या कारणाकरितांही असतात.

तें कारण म्हणजे निखारा. थंडी अधिक वाटली म्हणजे शेगडी किंवा घमेल्यांत विस्तव घालून तो तंबूंत घेण्याचा मोह होतो. हें केव्हांही करूं नये. कोंडलेल्या जागेंत कोळसा धुमसला कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायू निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणसास गुंगी येते आणि झोपेंतून तें उठतच नाहीं. आपल्याकडे जुन्या विहिरींत अगर पेवांत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहण्याची रीत आहे, आणि कंदील विझला नाहीं तर जागा निर्धोक मानतात. निखाऱ्याच्या वायूस ही परीक्षा लागू पडत नाहीं. दिवा जळत राहतो आणि माणूस मरतो. २०२० च्या जानेवारींत नेपाळांतील दमन येथें डोंगरावरील एका निवासस्थानांत खोली बंद करून गॅसची शेगडी लावून निजलेले केरळचे आठ प्रवासी असेच दगावले. तेव्हां शेकावयाचें तें बाहेर, आणि आंत न्यावयाचें तें गरम पाण्याची बाटली, फडक्यांत गुंडाळून.

बाहेरच्या शेकोटीचेंही भान पाहिजे. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंतचा काळ आपल्या राज्यांत वनवणव्याचा धरतात. ११ मार्च २०१८ रोजीं तमिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत कुरंगणीच्या डोंगरावर हिंडावयास गेलेले लोक वणव्यांत सांपडून वीसाहून अधिक दगावले. त्यांत नवविवाहितही होते. वाळलें गवत उताराखालून पेटलें म्हणजे आग वर चढतांना माणसाच्या पायांपेक्षां वेगानें धांवते. वर पळणें हें तिच्या तोंडीं पळणें होय. डिसेंबरांतही शेकोटी गवत खरडून काढलेल्या जागेंत, शक्य तर नांगरलेल्या तासांत करावी आणि शेजारीं पाण्याची घागर भरून ठेवावी. निजण्यापूर्वीं राखेंत हात घालतां येईल इतकी ती गार झाली पाहिजे.

परत निघतांना आपला कचरा आपल्याबरोबर आणावा. शेतमालकाच्या गुरांच्या पोटांत प्लॅस्टिकची पिशवी जाऊं नये. तंबू दंवानें ओला असतो. तो तसाच घडी करून कोठीच्या खोलींत टाकला तर महिन्याभरांत कापडावर बुरशी चढून शिवणी कुजतात. घरीं आल्यावर तो अंगणांत दोरीवर दिवसभर वाळूं द्यावा, खुंट्या मोजून पिशवींत घालाव्या आणि उंदरांपासून दूर, आढ्यास टांगून ठेवावा. पुढच्या आठवड्यांत ज्या भावाची पाळी असेल त्यास तो तेथून काढून नेतां येईल.